मूल बोलतं, तेव्हा न्याय वर्गातच सुरू होतो



आपल्या जवळपास प्रत्येक शाळेत आता 'सुरक्षित स्पर्श – असुरक्षित स्पर्श' हा तास होतो. कुठे 'कोमल' ही चित्रफीत दाखवतात, कुठे पोलीस ठाण्यातून मॅडम येऊन बोलतात. मुलं एका सुरात उत्तर देतात, "नाही म्हणायचं, तिथून पळायचं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं!" टाळ्या वाजतात, फोटो निघतो, केंद्राच्या ग्रुपवर जातो, लिंक भरली जाते. उपक्रम पूर्ण.

मला प्रश्न पडतो तो याच्या पुढचा. एखाद्या मुलाने खरंच येऊन सांगितलं तर? तो 'विश्वासातला मोठा माणूस' म्हणजे कोण? घरी आई, आजी. आणि शाळेत आपण. मुलांना आपण त्यांचा अर्धा धडा शिकवला. उरलेला अर्धा धडा मोठ्यांचा आहे आणि तो मात्र कुणी कुणाला शिकवत नाही. मूल धीर करून सांगतं, पण ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं हेच नीट माहीत नसतं. मग बाई मुख्याध्यापकांकडे जातात. मुख्याध्यापक म्हणतात, "थांबा, आधी आपल्या पातळीवर खात्री करून घेऊ." आणि नेमकं इथेच बिघडायला सुरुवात होते.

माझं मत मी सुरुवातीलाच सरळ मांडते. मुलांच्या बाबतीत न्यायव्यवस्था पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात सुरू होत नाही. मूल ज्या क्षणी पहिल्यांदा तोंड उघडतं, त्या क्षणी ती सुरू होते. म्हणजे बऱ्याचदा आपल्या वर्गात, व्हरांड्यात, खिचडीच्या रांगेत. त्या वेळी आपलं काम तपास करण्याचं नाही. आपलं काम दोनच गोष्टींचं आहे: नीट ऐकणं आणि लगेच कळवणं. 'आधी आपण चौकशी करू' ही आपल्या शाळांची सवय कितीही चांगल्या हेतूने असली, तरी ती मुलाच्या विरोधात जाते.

कायदा आपल्याला नेमकं काय सांगतो?

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पोक्सो. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, कलमं फार थोड्यांनी वाचलेली असतात. शिक्षकाने निदान पुढच्या चार गोष्टी पाठ कराव्यात असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, या कायद्यात बालक म्हणजे १८ वर्षांखालील कोणीही. मुलगी असो की मुलगा. 'मुलग्यांना काय होतंय' हे वाक्य कायद्याला मान्य नाही, आपल्यालाही नसावं.

दुसरी गोष्ट, कलम १९. गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडण्याची शक्यता ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. 'कोणत्याही व्यक्तीने' हे शब्द नीट वाचा. मुख्याध्यापकांना सांगितलं, केंद्रप्रमुखांना फोन केला, संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं, एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. वरिष्ठांना जरूर सांगा. पण कायद्याने माहिती द्यायची जागा पोलीस आहे.

तिसरी गोष्ट, कलम २१. माहिती असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि एखाद्या संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. शाळेचा शिपाई, गाडीचा ड्रायव्हर, एखादा शिक्षक यांच्याबद्दल तक्रार असेल आणि 'शाळेचं नाव जाईल' म्हणून ती दाबली, तर तो समंजसपणा ठरत नाही, गुन्हा ठरतो. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. आलेली माहिती नोंदवून न घेणारा पोलीससुद्धा शिक्षेला पात्र आहे. आणि हे कलम मुलाला लागू नाही. मूल गप्प राहिलं म्हणून त्याला दोष देता येत नाही.

चौथी गोष्ट आपल्याला धीर देणारी. कलम १९ मध्येच म्हटलं आहे की, प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही. म्हणजे तुम्ही कळवलंत, आणि तपासात पुरावा मिळाला नाही, तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, कुणाची बदनामी करायला किंवा पैसे उकळायला खोटी तक्रार करणाऱ्याला.

आता सांगा, कायद्याने खात्री करायची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे का? नाही. 'मला असं कळलंय' एवढं पुरेसं आहे. खरं-खोटं ठरवायला तपास अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत.

'आधी खात्री करू' मुळे काय होतं?

एक कल्पना करून बघा. तिसरीतली मुलगी वर्गशिक्षिकेला काहीतरी सांगते. बाई तिला मुख्याध्यापकांकडे नेतात. ते विचारतात, "बाळ, नक्की काय झालं?" मग दोन ज्येष्ठ शिक्षक बोलावले जातात, त्यांच्यापुढे पुन्हा तेच. मग शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. मग आईवडील येतात, त्यांच्यासमोर पुन्हा. कुणीतरी म्हणतं, "तो तर फार सज्जन माणूस आहे, तुझा काही गैरसमज नाही ना झाला?" कुणीतरी वरून, "देवाशप्पथ सांग बरं." काही ठिकाणी तर ज्याच्याबद्दल तक्रार आहे, त्यालाच समोर उभं करून 'आमनेसामने' होतं.

आपण लहान मुलांना शिकवतो, म्हणून एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते. मुलाला एकच प्रश्न पुन्हा विचारला की त्याला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं. गणिताच्या तासाला बघा. "सात अधिक पाच?" "बारा." "नक्की?" "...तेरा." बरोबर उत्तर दिलेलं मूलही डळमळतं. मग आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट पाचव्यांदा सांगताना ते डळमळणार नाही का? पाचव्या वेळी एखादा शब्द बदलतो, एखादी वेळ बदलते. उद्या कोर्टात बचाव पक्षाचे वकील नेमकं त्याच बदलावर बोट ठेवतात. म्हणजे आपण 'खात्री' करायला गेलो आणि मुलाची साक्ष कच्ची करून ठेवली.

दुसरं नुकसान वेळेचं. दोन दिवस शाळेची 'अंतर्गत चौकशी' चालली की वैद्यकीय पुरावा पुसट होतो, कपडे धुतले जातात, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाऊ शकतं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला निरोप पोहोचतो. गावात तर निरोप पोहोचायला मधली सुट्टीसुद्धा पुरते.

कोर्टाने काय म्हटलं आहे?

या बाबतीत महाराष्ट्रातल्याच प्रकरणांवरून न्यायालयांनी आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २०१३ मध्ये आपल्या राज्यातल्या एका खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहं, बालगृहं यांच्या प्रमुखांना निर्देश दिले, की असा प्रकार लक्षात आला तर पूर्ण गुप्तता पाळून जवळच्या बाल पोलीस पथकाला किंवा पोलिसांना कळवा.

त्यानंतर राजुरा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावी एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आरोप होता की माहिती असूनही त्यांनी पोलिसांना कळवलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारला. माहिती असून न कळवणं ही गंभीर बाब आहे आणि वेळेवर कळवलं नाही तर कायद्याचा हेतूच फसतो, असा त्या निकालाचा सार आहे. लक्षात घ्या, त्या डॉक्टरवर अत्याचाराचा आरोप नव्हता. आरोप होता तो गप्प बसल्याचा.

आणि बदलापूर आपल्या सगळ्यांच्या मनात ताजं आहे. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुली, आणि आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवायला झालेला उशीर व शाळेने पोलिसांना न कळवणं, या दोन्हींबद्दल कडक शब्दांत प्रश्न विचारले. शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना पोलिसांच्या गोळीने मरण पावला. म्हणजे त्याच्यावरचा खटला पूर्ण झालाच नाही.

त्या दिवसांत सगळीकडे एकच मागणी होती, फाशी द्या. आई-वडिलांचा, लोकांचा राग मी समजू शकते. पण शिक्षक म्हणून मला दुसराच विचार अस्वस्थ करतो. शिक्षा किती कडक असावी यावर आपण रस्त्यावर येतो. पण मूल पहिल्यांदा बोलतं, तेव्हा ते ऐकणारा माणूस कसा असावा यावर आपली साधी एक शिक्षण परिषदही होत नाही. शिक्षा ही शेवटची पायरी आहे. पहिलीच पायरी निसटली तर तिथपर्यंत कुणी पोहोचत नाही.

आपल्या मनातल्या तीन भीती

हे सगळं वाचून काही जण म्हणतील, "बाई, लिहायला सोपं आहे. आम्हाला त्याच गावात राहायचंय." बरोबर आहे. भीती खोटी नाही, म्हणून एकेक बघू.

पहिली भीती: मुलीचं नाव खराब होईल, पुढे लग्नाला अडचण येईल. आईवडीलही हेच म्हणतात. पण कायद्याने ओळख गुप्त ठेवण्याची काळजी घेतली आहे. कलम २३ नुसार मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, इतकंच काय शाळेचं नाव किंवा राहण्याचा परिसरही, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही, माध्यमांत देता येत नाही. तेव्हा नाव पसरतं ते कायद्यामुळे पसरत नाही. ते पसरतं आपल्या 'कुणाला सांगू नकोस हं' मुळे आणि व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेल्या मेसेजमुळे. नाव वाचवायचं असेल तर तक्रार थांबवू नका, चर्चा थांबवा.

दुसरी भीती: एखाद्या निरपराध शिक्षकावर खोटा आरोप झाला तर? विशेषतः माझे पुरुष सहकारी हे फार मनापासून विचारतात, आणि ते विचारणं योग्यच आहे. पण नीट विचार करा. निरपराध माणसाला खरा आधार कशाचा आहे? शाळेच्या खोलीत पाच जणांनी केलेल्या, कुठेही नोंद नसलेल्या चौकशीचा, की वेळेवर गोळा केलेल्या पुराव्याचा, सीसीटीव्हीचा, मुलाच्या पहिल्या आणि न बिघडलेल्या जबाबाचा? गावात कुजबुज होऊन 'मिटवलेलं' प्रकरण त्या माणसाच्या मागे आयुष्यभर राहतं. रीतसर तपास त्यालाही हवा असतो.

तिसरी भीती: शाळेचं नाव, पटसंख्या, माझी नोकरी, बदली. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. त्रास होऊ शकतो. संस्था नाराज होऊ शकते, गावातले चार लोक बोलायचं बंद करू शकतात. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. एक मूल, ज्याने सगळ्या जगातून आपल्याला निवडून सांगितलं. आणि तोच माणूस, जो उद्या दुसऱ्या मुलाजवळ बसणार आहे.

मूल पुढे कुठे जातं?

पालक पोलिसांना घाबरतात त्याचं मोठं कारण म्हणजे पुढे काय होणार हे माहीत नसतं. म्हणून हे पालकसभेत सांगायला हवं.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षक दर्जाच्या खालची नको, आणि गणवेशात नको. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. तिथून तो योग्य ठाण्याकडे पाठवतात.

कोर्टातही मुलासाठी वेगळी वाट आहे. सुनावणी बंद दाराआड होते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. दमदाटीचे, चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न चालत नाहीत. मध्ये मध्ये विश्रांती द्यायची असते. आरोपी मुलाच्या नजरेला पडणार नाही, यासाठी पडदा किंवा व्हिडिओची सोय असते. मूल अहिराणी, गोंडी, कोरकू बोलणारं असेल तर दुभाषा, आणि विशेष गरजा असणारं असेल तर विशेष शिक्षक मिळू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. आपल्या राज्यात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतीची तरतूद आहे.

आता हे सगळं कागदावर आहे तसंच प्रत्येक ठिकाणी होतं का? नाही होत. कायदा म्हणतो मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात पूर्ण करा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात आणि मूल दुसरीतून पाचवीत जातं. तालुक्याहून जिल्ह्याच्या कोर्टात जायला रोजंदारीवरच्या आईची मजुरी बुडते. मुलाला शेवटपर्यंत आधार देणारी 'सपोर्ट पर्सन' नियमांत आहे, पण अनेक कुटुंबांना तिच्याबद्दल कुणी सांगतच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशी व्यक्ती हवी की नको हे पालकांवर सोडू नये, ती द्यायलाच हवी. व्यवस्थेत उणिवा आहेत, आणि म्हणूनच शाळेने आपला वाटा चोख करणं जास्त गरजेचं आहे. आपल्याकडून गेलेला कागद पक्का असेल तर पुढचा रस्ता थोडा तरी सोपा होतो.

आपलं जनरल रजिस्टरही साक्षीदार असतं

इथे एक गोष्ट खास शिक्षकांसाठी. पोक्सो लागू होतो की नाही, हे मुलाच्या वयावर ठरतं. आणि वय ठरवताना बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ९४ सगळ्यात आधी काय बघायला सांगतं? शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर मग ग्रामपंचायत, नगरपालिकेचा दाखला. म्हणजे आपण जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेली एक ओळ कोर्टात पुरावा म्हणून उभी राहते. मुख्याध्यापकांना ते रजिस्टर घेऊन साक्षीला जावं लागतं.

आपल्याकडे 'एक जून'वाल्यांची पिढीच्या पिढी आहे. गुरुजींनी अंदाजे १ जून लिहिलं आणि मूल शाळेत आलं. त्या काळी त्यात चांगुलपणा होता. पण आज ऊसतोड कामगाराचं, वीटभट्टीवरचं मूल दाखल करून घेताना अंदाजपंचे तारीख लिहिण्याआधी क्षणभर थांबा. अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचा कागद शोधा. खाडाखोड करू नका. सतरा वर्षांच्या मुलीला कागदावर एकोणीसची केलं, तर या कायद्याचं सगळं संरक्षण एका फटक्यात जातं.

मग उद्यापासून करायचं काय?

शिक्षकांसाठी माझ्या मते एवढं पुरे:

१. मूल बोलू लागलं की हातातलं काम ठेवा. त्याच्या उंचीला बसा. शांतपणे ऐका. आपला चेहरा घाबरलेला दिसला तर मूल मध्येच थांबतं.

२. "मला सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काहीच चूक नाही." ही दोन वाक्यं म्हणा. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "तुला मदत करतील अशाच माणसांना मी सांगणार आहे" असं म्हणा.

३. खोदून विचारू नका. तुमच्या तोंडून नाव सुचवू नका. एकदाच ऐका, पुन्हा वदवून घेऊ नका.

४. लगेच तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा, मुलाच्याच शब्दांत. मुलाने घरचा, बोलीतला शब्द वापरला तर तोच लिहा. आपली शुद्धलेखनाची सवय इथे बाजूला ठेवा. तो शब्द 'प्रमाण मराठी'त बदलला की मुलाचं म्हणणं आपलं होऊन बसतं.

५. पोलिसांना कळवा आणि आपण दिलेल्या माहितीची नोंद झाली का ते बघा. ती नोंद माहिती देणाऱ्याला वाचून दाखवायची असते. पुढे काय करावं सुचत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर कार्यालयात भिंतीवर लावा.

६. घरातल्याच माणसाबद्दल तक्रार असेल तर आधी घरी निरोप धाडू नका. पोलीस आणि बाल कल्याण समिती यांच्याशी बोलूनच पुढचं पाऊल टाका.

७. स्टाफरूममध्ये चर्चा नको. ज्याला कामासाठी माहिती असणं गरजेचं आहे, त्यालाच माहिती असावी.

आणि सखी सावित्री समिती. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत आली. समिती चांगलीच आहे, पण तिचं काम काय ते ओळखू या. शाळा सुरक्षित ठेवणं, मुलांना बोलतं करणं, अंधाऱ्या खोल्या-स्वच्छतागृहांकडे लक्ष देणं, तक्रार पेटी ठरल्याप्रमाणे उघडणं हे तिचं काम. समिती म्हणजे छोटं कोर्ट नव्हे. तिच्या इतिवृत्तात 'प्रकरण समजुतीने मिटवण्यात आले' असं वाक्य कधीही येता कामा नये.

पालकहो, तुमच्यासाठी थोडंसं

मुलाने काही सांगितलं तर त्याला रागावू नका, मारू नका, "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न विचारू नका. त्या एका प्रश्नाने मूल कायमचं गप्प होऊ शकतं. कपडे धुऊ नका, जपून ठेवा. गावच्या बैठकीत पैसे घेऊन किंवा माफी मागवून मिटवू नका. आणि मूल एखाद्या नातेवाइकाकडे, शिकवणीला, गाडीने जायला अचानक नकार देऊ लागलं तर त्याला हट्टी म्हणण्याआधी जरा जवळ घेऊन बसा.

तुमच्या शाळेत या वर्षी हा तास मुलांसाठी झाला असेल, तर मुख्याध्यापकांना एक विनंती करा: पुढच्या पालकसभेत हाच तास मोठ्यांसाठी ठेवा. स्थानिक पोलीस ठाण्यातल्या महिला अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणातले वकील यांना बोलवा. त्या तासाला एकच प्रश्न घ्या, 'मुलाने सांगितलं, आता काय?'

भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता स्वीकारली. मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायचा आणि ते गांभीर्याने ऐकून घेतलं जाण्याचा हक्क त्यात आहे. हा हक्क दिल्लीत किंवा जिनिव्हात पाळला जात नाही. तो पाळला जातो आपल्या वर्गात, जेव्हा एखादं मूल टेबलाजवळ घुटमळत म्हणतं, "बाई, एक सांगू?"

तेव्हा "नंतर सांग, आता वह्या तपासायच्यात" असं म्हणू नका, एवढीच विनंती.

तुमच्या शाळेत याबाबत काय पद्धत आहे, काय अडचणी येतात, ते जरूर कळवा. मुलाचं किंवा शाळेचं नाव मात्र लिहू नका.

– एक प्राथमिक शिक्षिका